घड्याळावरचे मीटर आणि मालवणचं पाणी

देवबागच्या संगमावर वॉटर स्पोर्ट्ससाठी येणारा पर्यटक असो की वर्षभर इथेच राहणारे आपण, घड्याळाबद्दल दोघांचाही एक समज पक्का असतो. मागे ‘३० मीटर’ असं कोरलंय, म्हणजे ते मनगटावर बांधून ३० मीटर खोल पाण्यात उतरता येतं. ‘ह्यां वॉटरप्रूफ आसा, बुडव खुशाल,’ असं सांगून विकणारेही भेटतात.

तो आकडा खोलीचा नसून दाबाचा असतो. समुद्रात दर १० मीटर खोलीमागे दाब साधारण १ बारने वाढतो, म्हणून ३ बार सोसणाऱ्या घड्याळावर ३० मीटर लिहितात. ही चाचणी नव्या कोऱ्या घड्याळाची, कारखान्यातल्या स्थिर पाण्यात होते. साध्या घड्याळांना लागू असलेल्या आयएसओ २२८१० या मानकाला त्यातले नमुने तपासलेले चालतात. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळं मानक आहे. त्यात किमान १०० मीटरची अट आहे आणि प्रत्येक नग लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली तपासावा लागतो. म्हणूनच कंपन्या स्वतःच सांगतात, ३० मीटर म्हणजे पाऊस आणि हात धुणं, ५० म्हणजे पोहणं, १०० म्हणजे स्नॉर्केलिंग, २०० म्हणजे स्कुबा.

या पहिल्या गैरसमजावर उतारा म्हणून जाणकार मंडळींनी दुसरा पसरवला आहे. पोहताना हात जोरात मारला की दाब म्हणे कित्येक पटींनी वाढतो आणि त्यामुळे ३० मीटरचं घड्याळ फुटतं. यात शास्त्राचा आव आहे, पण गणित केलं की तो टिकत नाही. सेकंदाला ५ मीटर वेगाने हात पाण्यात मारला, तर त्याने वाढणारा दाब जेमतेम सव्वा मीटर पाण्याइतका भरतो. आणि तरबेज पोहणाऱ्याचा हातही सहसा एवढ्या वेगाने चालत नाही. जेट-स्कीवरून ताशी ५० किलोमीटर वेगाने पाण्यावर आपटलात, तर मात्र क्षणभर १० मीटर पाण्याइतका दाब येतो. तोही कागदावरच्या ३० मीटरच्या आतलाच.

मग पाणी शिरतं कुठून? तीन जागांनी: चावीतून, बटणांतून आणि मागच्या झाकणाखालच्या रबरी रिंगमधून. चावी किंचित बाहेर राहिली असेल तर मीटरचा आकडा कितीही मोठा असो, काही उपयोग नाही. पाण्याखाली बटण दाबलं तर दांड्याभोवतीची इवलीशी रिंग जागची हलते. आणि रबर म्हातारं होतं. घाम, साबण, ऊन यांनी ते कडक पडतं, चपटं होतं. बंबाच्या कढत पाण्याने घड्याळ घालूनच आंघोळ करण्याची खोड असेल तर ते आणखी लवकर. नव्याने घेतलेलं १०० मीटरचं घड्याळ पाच वर्षांनीही १०० मीटरचं असेलच असं नाही.

त्यात आपणच भर घालतो ती सेल बदलताना. बाजाराच्या दिवशी टपरीवर पाच मिनिटांत मागचं झाकण उघडतं, सेल बदलतो, झाकण दाबून बसवलं जातं. ती रिंग तपासली का, तिला सिलिकॉन ग्रीस लावलं का, ती मुरगळलेली तर नाही ना, हे कोणी विचारत नाही. दाबाची चाचणी तर दूरच. पाणी शिरल्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ समुद्रात नसून या पाच मिनिटांत असतं. घड्याळजीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपण त्याला सेलचे पैसे देतो, रिंगचे देत नाही. नवी रिंग मागून घ्या, ती महाग नसते.

आता आपल्या किनाऱ्याचा खरा शत्रू, मीठ. ‘मागे स्टेनलेस स्टील लिहिलंय, गंजणार नाही,’ हा समज तर घरोघरी. नीट वाचा: ‘स्टेनलेस स्टील बॅक’. म्हणजे फक्त मागचं झाकण स्टीलचं. स्वस्त घड्याळांची पुढची चौकट बऱ्याचदा पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असते, वर क्रोमचा पातळ मुलामा. घाम आणि खारी हवा त्या मुलाम्याला बारीक भोकं पाडतात आणि एखाद-दोन पावसाळ्यांत घड्याळ न घासलेल्या समईसारखं कळकतं. अख्खं स्टीलचं असलं तरी निर्धास्त राहू नये. मिठातला क्लोराईड स्टीलला बारीक खड्डे पाडतो, विशेषतः पट्ट्याच्या सांध्यात आणि झाकणाच्या कडेला, जिथे खारं पाणी अडकून बसतं. ३१६एल जातीच्या स्टीलमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते समुद्राला जास्त दाद देत नाही. प्लास्टिकला ही भानगडच नाही. ‘प्लास्टिकचं म्हणजे पोराटोरांचं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मालवणच्या हवेत तरी माझं सांगणं आहे, दीड-दोन हजारांच्या धातूपेक्षा त्याच पैशांचं प्लास्टिक जास्त टिकतं.

पट्ट्यांचंही तसंच. चामड्याच्या पट्ट्याला जुलै-ऑगस्टात कपाटातल्या कपाटात बुरशी येते. तो इथे लग्नकार्यापुरताच. रेझिनचा पट्टा काही वर्षांनी कडक होऊन तुटतो, पण बदलता येतो. फक्त घड्याळ घेतानाच विचारा, नवा पट्टा सहज मिळेल का. काही मॉडेलांचा पट्टा वेगळ्याच आकाराचा असतो आणि मग पट्ट्यापायी घड्याळ टाकावं लागतं. रापणीला हात लावणाऱ्यांनी किंवा होडीवर जाणाऱ्यांनी धातूची साखळी घालूच नये. जाळं धावायला लागलं की ती अडकते, आणि तिच्यासोबत हातही.

काचेबद्दलचा एक समज मुंबईत खपून जातो, आपल्याकडे नाही. ‘मिनरल ग्लास आहे, ओरखडा पडत नाही.’ किनाऱ्यावरच्या वाळूत क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणाच्या मोहस मापावर क्वार्ट्झ ७ वर बसतं, साधी काच त्याच्या खाली, सफायर ९ वर. वाळू भरलेल्या हाताने घड्याळ पुसलंत की मिनरल काचेवर रेघ उठणारच. सफायर दीड-दोन हजारांत सहसा मिळत नाही. अॅक्रिलिकची काच सगळ्यांत लवकर चरते, पण ती सहसा तडकत नाही आणि टूथपेस्टने घासून रेघा पुष्कळशा काढता येतात. खडबडीत वापराला मला तीच बरी वाटते. काच चौकटीपेक्षा किंचित खोल बसवलेली असली तर आणखी उत्तम.

काचेआड धुकं धरलं की घड्याळ तांदळाच्या डब्यात टाकायचं, हा उपाय मोबाइलकडून घड्याळाकडे आला. तांदूळ फारसा ओलावा ओढत नाही. आणि आत गेलेलं पाणी समुद्राचं असेल तर ते सुकल्यावर मीठ मागे राहतं, तेच पुढे हवेतला दमटपणा ओढत बसतं. धुकं दिसलं त्याच दिवशी घड्याळ उघडून घ्यावं.

‘सेलच नको, ऑटोमॅटिक घ्या, प्रवासाला तेच भरवशाचं.’ हा सल्ला हौशी मंडळींचा. ऑटोमॅटिक हातातून काढून ठेवलं की साधारण दीड-दोन दिवसांत थांबतं, आणि स्वस्तातलं दिवसाला २०-३० सेकंद इकडेतिकडे होतं. उलट सेलवरच्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. १९८९ साली आलेलं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू महिन्याला फार तर ३० सेकंद चुकतं, वजन २१ ग्रॅम, आणि सेल सुमारे सात वर्षं. अचूकपणा किमतीवर ठरत नाही, याचा याहून सरळ पुरावा नाही. मात्र त्यावर नुसतं ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलेलं असतं. पावसाला चालेल, पोहायला नको. शिवाय त्याच्या नकला खंडीने विकल्या जातात. अस्सल घड्याळाचं उजवं बटण काही सेकंद दाबून धरलं की पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं. काही नकला तेही करून दाखवतात, म्हणून बिलासह घ्यावं.

घरातलं आजोबांचं एचएमटी सहलीला नेऊ नका. बंगळूरला सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली सुरू झालेला तो कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. सुटे भाग आता बहुतेक जुन्या घड्याळांतूनच निघतात. तबकडीवरचं ‘पॅराशॉक’ पडझडीत आतल्या चक्राची नाजूक टोकं वाचवण्यापुरतं आहे, त्याचा पाण्याशी संबंध नाही.

स्मार्टवॉचचं ‘आयपी६८’ हे प्रमाण गोड्या पाण्यातल्या चाचणीचं आहे. खाऱ्या पाण्याची हमी त्यात नाही. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही ते वेगळंच.

एक समज खास किनाऱ्याचा. भरती-ओहोटी दाखवणारं घड्याळ घेतलं की झालं, ते ओहोटी दाखवेल तेव्हा पद्मगड किल्ल्यापर्यंत चालत जायचं. त्या घड्याळाला आपल्या ठिकाणाचे रेखांश आणि चंद्र माथ्यावर आल्यानंतर भरती किती वेळाने येते, हे आपणच भरून द्यावं लागतं. दुकानातून आणलं तसं वापरलं तर ते दुसऱ्याच कुठल्यातरी बंदराची वेळ दाखवतं. आपल्या जुन्या माणसांचा हिशोब फुकटातला आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ, अष्टमीला सहाच्या सुमारास. पण वाऱ्याने फुगलेला समुद्र घड्याळालाही कळत नाही आणि पाऊणपटीलाही. पद्मगडला जाण्याआधी जेटीवरच्या होडीवाल्याला विचारावं.

तेव्हा सिंधुदुर्गात रोज वापरायला आणि प्रवासाला घ्यायचं तर असं घ्या: प्लास्टिकची चौकट, १०० मीटर, क्वार्ट्झ, रात्रीच्या गाडीत किंवा पहाटे होडीवर दिसेल असा दिवा, सहज बदलता येणारा पट्टा. कॅसिओचं डब्ल्यू-८००एच या वर्णनात बसतं, त्यावर दहा वर्षांचा सेल लिहिलेला असतो. सेलची वर्षं कारखान्यातून निघाल्यापासून मोजायची, दुकानातून नव्हे. समुद्रातून वर आलात की घरच्या विहिरीचं तांब्याभर गोडं पाणी त्यावर ओता, पट्ट्याच्या सांध्यांतही, आणि पुसून सावलीत ठेवा.