‘रन’चे ६४५ अर्थ!

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ या एकाच क्रियापदावर नऊ महिने काम केलं आणि तब्बल ६४५ अर्थ नोंदवले. १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंदीचा मान ‘सेट’कडे होता.

मला सगळ्यात भावतं ते हे: आपलं दुकान, यंत्र, नाटक ‘चालतं’, इंग्रजीत तिन्हींना ‘रन’. नदी आणि सर्दीतलं नाक आपल्याकडे वाहतं, तिथे तेही ‘रन’च. अमेरिकेत निवडणुकीला ‘रन’ करतात. ब्रिटनमध्ये मात्र ‘स्टँड’, म्हणजे अगदी आपल्यासारखे उभे राहतात! स्टॉकिंगचा धागा सुटून उभी रेघ पडली, की अमेरिकेत तो ‘रन’, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’. आणि घाबरलेल्या ठेवीदारांची पैसे काढायला एकदम झुंबड उडाली, की तो बँकेवरचा ‘रन’.