मोटार भरण्याआधीचा हिशेब

सकाळी ७.३०. शेतीच्या फीडरला थ्री फेज रात्रीची असली की जळालेली मोटार सकाळी सकाळी दुकानात येते. तासगाव भागात द्राक्षमण्यांत पाणी उतरायच्या दिवसांत तर हमखास. आज आलेले तात्या तीन एचपीची मोनोब्लॉक टेम्पोतून उतरवतानाच म्हणाले, “मिस्त्री, दोन दिवसांच्या वर बाग थांबायची नाही. भरून द्या लगेच.”

भरायची, पण आधी मोजायची. टर्मिनल बॉक्स उघडून पट्ट्या काढल्या, तिन्ही फेज सुट्या केल्या. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या तर ०.२ ओहम दाखवतो. तो पिनांच्या वायरींचा रेझिस्टन्स, प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. इथे सगळा मामला दोन-तीन ओहमचा आहे, ०.२ सोडून दिले तर निदानच चुकेल. दोन फेज ३.२ ओहम आल्या, तिसरी २.५. तिसरीत कॉईलचे काही वेढे आपापसांत चिकटलेत, करंट मधूनच वळतोय. रेझिस्टन्स कमी आला म्हणून तात्यांना बरं वाटलं होतं, त्यांना हे समजावून सांगितलं.

सकाळी ९.३०. स्टेटर उघडला. वेढे मोजायचं काम आयटीआयच्या पोराकडे, तारेचं माझ्याकडे. तारेवरचं इनॅमल खरवडून काढलं आणि मायक्रोमीटरमध्ये धरली: १.०१६ मिलिमीटर, म्हणजे १९ गेज. क्षेत्रफळ ०.८११ चौरस मिलिमीटर. आता चांगल्या फेजचे ३.२ ओहम आणि तांब्याचा आकडा, एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तारेला ०.०१७२ ओहम, एवढ्यावर लांबी निघते. ३.२ गुणिले ०.८११ भागिले ०.०१७२. फेजला दीडशे मीटरच्या आसपास तार, तिन्ही मिळून सव्वातीन किलो तांबं. तात्यांना तांब्याचा खर्च सांगताना माझ्याकडे अंदाज नव्हता, आकडा होता. गिऱ्हाइकाला वजन असं हिशेबातून सांगावं, असं माझं ठाम मत आहे.

१९ गेजची तार बाजारात मिळाली नाही. पोरगा म्हणाला, “मामा, २० टाकू की. एका गेजनं काय होतंय?”

त्याच्या हातात खडू दिला. २० गेजचं क्षेत्रफळ ०.६५७. तेवढ्याच लांबीला रेझिस्टन्स ३.२ वरून ३.९५ वर जातो. मोटारीचा करंट ४.७ अँपिअर. उष्णता काढायला करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. वर्ग २२.१, १९ गेजला तिन्ही फेज मिळून २१२ वॅट, २० गेजला २६२. पन्नास वॅट जादा, तेही बंद खोळीत, पाण्याची पाळी संपेपर्यंत. इन्सुलेशन दहा अंश जास्त तापत राहिलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. तात्यांची मोटार पुढच्या हंगामाला परत माझ्याच दुकानात आली असती.

मग दोन तारा जोडीनं घ्यायच्या. २२ गेजच्या दोन तारा म्हणजे ०.७९४ चौरस मिलिमीटर, १९ पेक्षा दोनच टक्के कमी. फेजचा रेझिस्टन्स ३.२७ यायला हवा. बारीक तार वळायलाही सोपी. भिंतीवर ३.२७ लिहून ठेवलं.

सकाळी ११.३०. केबल घ्यायला निघालेला एक जण विचारायला आला. बोअर स्टार्टरपासून तीनशे मीटरवर, पाच एचपीची सबमर्सिबल, पाटीवर १० अँपिअर. अडीच एमएमची घेऊ की चारची? अडीचच्या एका तारेला २.०६ ओहम, चारला १.२९. थ्री फेजला १.७३ नं आणि पॉवर फॅक्टर ०.८ नं गुणलं तर वाटेत एकीत २९ व्होल्ट जातात, दुसरीत १८. त्यांच्या स्टार्टरवर संध्याकाळी ३७० व्होल्ट दिसतात. अडीचनं मोटारीपर्यंत पोचतात ३४१.

“बिल तर शासन भरतंय, तापू दे केबल,” ते म्हणाले. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल सध्या शासन भरतं हे खरं. केबलमध्ये जळणारे सहाशे वॅट त्यांच्या खिशातून जाणार नाहीत. पण व्होल्टेज पडलं की तेवढंच काम ओढायला मोटार जास्त करंट घेते, जास्त करंटनं केबलमध्ये आणखी व्होल्ट पडतात, आणि मोटार भरायचा खर्च शासन देत नाही. कागदावर दोन्ही हिशेब मांडून दिले. ते चार एमएमची घ्यायला गेले.

दुपारी १. जेवण. पोराच्या पुस्तकात ओहमचा नियम एका ओळीत संपलाय, म्हणून जेवताना त्याला ओहम मास्तरांची गोष्ट सांगितली. जर्मनीत कोलोनला शिकवणारा माणूस. त्या काळच्या बॅटरीचा करंट स्थिर राहीना, म्हणून त्यानं बिस्मथ आणि तांब्याचा सांधा केला, एक टोक उकळत्या पाण्यात, एक बर्फात, आणि वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून चुंबकसुईचं वळणं मोजलं. १८२७ मध्ये पुस्तक आलं. आधी स्थिर करंट मिळवायचा आणि मग मोजायचं, ही त्याची शिस्त मला फार मोठी वाटते. आमच्या फीडरवर ती पाळायची तर बॅटरीच हवी.

दुपारी ३.३०. कॉईल स्लॉटमध्ये बसल्या, सांधे झाले. वार्निशच्या आधी मोजणी. बॅटरीवरून एका फेजमधून बरोबर २ अँपिअर सोडले आणि फेजच्या टोकांवर वेगळ्या पिनांनी व्होल्ट घेतले. अशा मापात पिनांच्या वायरींचा रेझिस्टन्स मधे येत नाही. ६.६६ व्होल्ट. भागिले दोन, ३.३३ ओहम.

पोराचा चेहरा उतरला. भिंतीवर ३.२७ होतं.

थर्मामीटर बघायला सांगितलं. सकाळी २८ अंश होते, आता पत्र्याखाली ३३. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, आणि किती ते ठरलेलं आहे: दोन्ही तापमानांत २३४.५ मिळवायचे आणि भागायचं. २६७.५ भागिले २६२.५, गुणिले ३.२७. ३.३३. तिन्ही फेज तशाच आल्या. तो आकडा त्यानं स्वतः दोनदा काढला, आणि मला दिवसभरात एवढा आनंद दुसऱ्या कशाचा झाला नाही.

मेगर लावून इन्सुलेशन तपासलं, वार्निश दिलं, मोटार भट्टीत.

संध्याकाळी ६. कालची भरलेली दुसरी मोटार दुपारपासून हौदावर पाणी फेकत होती. थंड असताना ३० अंशाला ४.१० ओहम. बंद केल्या केल्या मोजली, उशीर केला तर तांबं निवतं: ४.९२. उलटा हिशेब केला की आतलं तापमान ८३ अंश निघतं, वाढ ५३. बी क्लासच्या इन्सुलेशनला ८० अंशांची वाढ चालते. मोटार न्यायला हरकत नाही.

टर्मिनल बॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करनं लिहिलं: ४.१० ओहम, ३० अंश, तारेचा गेज, वेढे. पुढच्या वेळी ही मोटार कुणाच्याही दुकानात गेली तरी त्या मिस्त्रीला खरा आकडा मिळेल. आमच्या भागातल्या प्रत्येक भरणाऱ्यानं एवढं लिहावं, असं मी भेटेल त्याला सांगतो. तात्यांच्या झाकणावर उद्या भट्टीतून काढल्यावर, पूर्ण निवल्यावर लिहायचं.