बॉयकॉट आणि बहिष्कृत

मोर्चाच्या पत्रकात, विद्यार्थ्यांच्या घोषणांत ‘बॉयकॉट’ हा शब्द सहज येतो आणि त्याचे मराठी ‘बहिष्कार’ असे करून आपण मोकळे होतो. हे दोन शब्द मात्र एका कुळातले नाहीत.

बॉयकॉट हे एका माणसाचे आडनाव. आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभार पाहणारा हा कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली. उत्तरादाखल त्यांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या. तेव्हा मजुरांनी त्याचे काम सोडले, दुकानदारांनी त्याला माल देणे थांबवले. त्याचे पीक काढायला अल्स्टरहून पन्नासेक माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई! डिसेंबरात तो आयर्लंड सोडून गेला. नाव मात्र क्रियापद होऊन मागे राहिले. दुबळ्यांनी बलवानाविरुद्ध उपसलेले हे हत्यार होते. १९३० साली काळबादेवीत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा होऊन प्राण देणारा गिरणी कामगार बाबू गेनू याच अर्थाचा वारस. (१८८० च्याच सप्टेंबरात आयरिश पुढारी पार्नेल यांनी, दुसऱ्या कुळाची हिरावलेली जमीन घेणाऱ्याला कुष्ठरोग्यासारखे दूर ठेवा, असे सांगितले होते. तिथे जी उपमा होती, ती इथे कोट्यवधींची दिनचर्या होती.)

आपल्या गावातील बहिष्काराची दिशा नेमकी उलटी. वाण्याने मीठ-मिरची द्यायची नाही, पाटलाने कामावर घ्यायचे नाही, वाट बंद करायची. ‘वाळीत टाकणे’ हा शब्दही इथे अपुरा पडतो. जो आत होता त्यालाच वाळीत टाकता येते. म्हणूनच १९२४ साली परळच्या दामोदर हॉलमधील सभेतून उभ्या राहिलेल्या संस्थेचे ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ हे नाव, आणि १९२७ च्या पाक्षिकाचे ‘बहिष्कृत भारत’ हे नाव, व्याकरणानेही पाहण्यासारखे आहे. ‘अस्पृश्य’ म्हटले की तो जणू त्या माणसाचाच गुण ठरतो. ‘बहिष्कृत’ म्हटले की कुणीतरी बाहेर काढले हे आलेच, आणि कुणी, हा प्रश्नही आला.

हा कर्ता कायद्याच्या कक्षेत आणण्याची मागणी बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत केली. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. घर वा जमीन नाकारणे, व्यवहार नाकारणे, मजुरीवर काम नाकारणे ही बहिष्काराची व्याख्या पुढे १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यातही आली.

कार्यकर्त्यांनी आज एक भेद ध्यानात ठेवावा. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा एकाच समाजाच्या लोकांनी आपल्याच माणसावर घातलेल्या बहिष्कारापुरता, मुख्यतः जातपंचायतींसाठी आहे. सवर्णांनी दलित वस्तीवर घातलेला बहिष्कार १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत, गुन्हा आहे. तक्रारीत नुसते ‘बहिष्कार घातला’ असे लिहू नये. कोणत्या दुकानदाराने कोणत्या तारखेला काय नाकारले, हे एकेक करून लिहावे.