ठेका डाव्या हाताचा, गाणं उजव्या हाताचं

पियानो शिकणारे पुष्कळ जण एका रचनेपाशी येऊन अडतात: शोपँचं नॉक्टर्न, ओपस 9, क्रमांक 2. 1832 मध्ये छापलेली ही रचना पाच मिनिटांच्या आत संपते आणि तिचे सूर सरावाने बोटांत बसतातही. पण लय काटेकोर ठेवली तर ती कोरडी वाजते आणि भाव यावा म्हणून मनाला येईल तिथे थांबलं तर विस्कटून जाते. मग मोठे वादक लयीला एवढं वाकवतात, तरी ती मोडत कशी नाही?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या कानांनी लहानपणापासून ऐकलेलं आहे. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात काय किंवा आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्याही गावात काय, भजनाला बसलेल्या माणसाला ते माहीत असतं. पखवाज आणि टाळ चालत राहतात. अभंग म्हणणारा एखाद्या शब्दावर रेंगाळतो, मागे राहतो, मग भराभर पुढे येतो आणि समेवर सगळ्यांना गाठतो. ठेका हललेला नसतो, हललेलं असतं ते गाणं. बालगंधर्वांच्या नाट्यपदांतही हेच होतं. 1913 मध्ये सुरू झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत पुढे अहमदजान थिरकवाँसारखे तबलजी साथीला होते. ठेका इतका भक्कम असला की गायकाला शब्दाशी हवं तेवढं खेळता येतं.

थक्क करणारी गोष्ट अशी, की शोपँ आपल्या शिष्यांना जवळजवळ हेच सांगत असे. त्याचा शिष्य मिकुली याने लिहून ठेवलंय, की शोपँच्या पियानोवर ठरावीक वेगाने टिकटिक करणारा मेट्रोनोम कायम असायचा. डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक, त्याने ताल सांभाळायचा आणि उजव्याने मोकळं गायचं, ही त्याची शिकवण होती. त्याच्याही आधी, 1777 मध्ये, मोत्सार्टने वडिलांना पत्रातून कळवलं होतं, की संथ रचनेत उजवा हात लयीशी खेळत असताना आपला डावा हात तिकडे लक्षच देत नाही, याचं लोकांना नवल वाटतं. या खेळाला रुबाटो म्हणतात. लिस्टने तो समजावताना झाडाकडे बोट दाखवलं: वाऱ्याने पानं हलतात, झाड जागच्या जागी असतं.

आता पुन्हा त्या नॉक्टर्नकडे पाहू. एका आवर्तात बारा मात्रा, तीन-तीनच्या चार गटांत. प्रत्येक गटात डावा हात आधी खालचा एक खर्जातला सूर देतो आणि मग वर दोन स्वरसमूह. रचना संपत येईपर्यंत हा ठेका जवळजवळ तसाच चालतो. वर उजव्या हातात मुख्य चाल पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी तिच्यावर नवे अलंकार चढतात. हे लेखन पाहिलं की शोपँने इटालियन ऑपेराच्या गायकांकडे एवढा कान का लावला, ते उमगतं. शिष्यांनी त्यांना ऐकावं, असा त्याचा आग्रह असे.

मग थांबायचं तरी कुठे? 1992 मध्ये ब्रूनो रेप या संशोधकाने शूमानच्या 'ट्रॉयमराय'ची 24 नामवंत पियानोवादकांनी केलेली 28 ध्वनिमुद्रणं सुरासुराने मोजली. प्रत्येकाचा ढंग वेगळा होता, पण ओळ संपताना लय मंदावणं बहुतेकांत समान होतं. त्याचा दुसरा प्रयोग तर अधिकच विलक्षण. यांत्रिक, सरळ लयीतल्या वादनात त्याने मधले काही सूर किंचित लांबवले आणि श्रोत्यांना ते ओळखायला सांगितलं. ओळीच्या शेवटी, जिथे वादक एरवीही थांबतात, तिथला लांबलेला सूर पकडणं त्यांना अवघड गेलं. म्हणजे तिथे थांबणं आपला कान आधीच धरून चालतो. गाताना श्वास जिथे घ्यावासा वाटतो, त्याच जागा या.

भावाची दुसरी बाजू म्हणजे आघात. पेटीवर भात्याने सूर फुगवता येतो, धरून ठेवता येतो. पियानोत पट्टी दाबली की हातोडी शेवटचं अंतर एकटी, सुटी होऊन जाते आणि तारेवर आदळते. तेवढ्यापुरता वादकाच्या हाती असतो तो फक्त तिचा वेग. सूर उमटला की लगेच विरू लागतो. म्हणून पियानोवर गाणं म्हणजे विरणाऱ्या सुराच्या जोराशी पुढच्या सुराचा जोर जुळवणं. त्यातही एक गंमत आहे. चालीचा सूर जरा जोरात वाजवला की त्याची हातोडी तारेपर्यंत लवकर पोहोचते. त्यामुळे एकत्र दाबलेल्या स्वरांतही चाल सुमारे 30 मिलिसेकंद आधी वाजते.

एवढं कळलं की रियाजाचा क्रम आपोआप लागतो. आधी डावा हात एकटा, मेट्रोनोमबरोबर, अगदी संथ. नोटेशनवर आठव्या भागाच्या सुरासाठी (इथली एक मात्रा) मिनिटाला 132 असा वेग छापलेला आहे, म्हणजे एक आवर्त साधारण साडेपाच सेकंदांचं. तिथवर हळूहळू चढायचं, पहिल्या दिवशी तिथून सुरू करायचं नाही. मग चाल तोंडाने गायची आणि श्वास कुठे घेतला, तिथे पेन्सिलीने खूण करायची. मग डाव्या हाताने ठेका वाजवत वर चाल गायची. गळा आणि डावा हात जमले की गळ्याची जागा उजव्या हाताला द्यायची. कीबोर्ड घ्यायचा झाला तर पट्टीच्या जोराप्रमाणे आवाज बदलणारा, शक्यतो वजनदार पट्ट्यांचा घ्यावा. साध्या कीबोर्डवर आघाताचा अभ्यास होतच नाही.

शेवटची परीक्षा ध्वनिमुद्रणाची. आपलं वादन फोनवर घ्यावं आणि ऐकताना फक्त डाव्या हाताबरोबर टाळी धरावी. ती चुकली तर भाव वाढवण्याआधी ठेक्याकडे परतावं. ती सहज धरता आली आणि वर चाल मात्र मागेपुढे झुलत राहिली, तर लय आणि भाव दोन्ही एकाच वेळी हाती आले. ही देणगी मोजक्यांनाच मिळते असं नाही. भजनाला ठेका धरलेल्या कुठल्याही हाताला ती शिकता येते.