कॅव्हिअर ग्रीन

कॅव्हिअर ग्रीन ही वेस्टर्न डिजिटल या अमेरिकी कंपनीने इ.स. २००७ मध्ये बाजारात आणलेली, कमी वीज वापरणाऱ्या व कमी आवाज करणाऱ्या हार्ड डिस्कची श्रेणी होती. ३.५ इंची आकाराच्या या डिस्क मुख्यतः घरगुती संगणकांसाठी व बाह्य साठवणुकीसाठी वापरल्या जात. इ.स. २००९ च्या आरंभी या श्रेणीत २ टेराबाइट क्षमतेची डिस्क आली.

== वीजबचतीचे तत्त्व ==
हार्ड डिस्कमधील चुंबकीय तबकड्या अखंड फिरत असतात. त्यांना होणाऱ्या हवेच्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. नेहमीच्या संगणकातील डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते. कॅव्हिअर ग्रीनचा वेग सुमारे ५,४०० फेरे, म्हणजे पाऊणपट होता. पाऊणचा घन सुमारे ०.४२ असल्याने हवेच्या विरोधापायी होणारा खर्च निम्म्याहून कमी होतो. आवाज, कंप व उष्णताही त्याबरोबर घटतात.

प्रत्येक डिस्कमागे ४ ते ५ वॅट वाचतात, असा कंपनीचा दावा होता. संगणक रोज ८ तास चालत असल्यास ४ वॅटच्या हिशेबाने वर्षाला सुमारे १२ युनिट वीज वाचते. याची किंमत वेगात मोजावी लागते. हवी ती माहिती शीर्षाखाली येण्यास ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर सरासरी ४.२ मिलिसेकंद लागतात, तर ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कवर ५.६ मिलिसेकंद लागतात.

== शीर्षे विसावणे व आयुर्मान ==
सुमारे ८ सेकंद काम नसल्यास वाचन-लेखन करणारी शीर्षे तबकड्यांवरून बाजूला नेण्याची सोय या डिस्कमध्ये होती. त्यामुळे आणखी थोडी वीज वाचे; परंतु शीर्षांची अशी ये-जा सुमारे ३,००,००० वेळा होईल, हे गृहीत धरूनच डिस्कची रचना केलेली होती. संगणकाची कार्यप्रणाली दर अर्ध्या मिनिटाला एखादी किरकोळ नोंद डिस्कवर लिहीत असेल, तर अखंड चालणाऱ्या संगणकात दिवसाला २,८८० फेऱ्या होतात आणि ही मर्यादा सुमारे १०४ दिवसांत गाठली जाते. मर्यादा ओलांडताच डिस्क बंद पडते असे नाही, मात्र झीज वाढते. लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये या प्रश्नाची विशेष चर्चा झाली. कंपनीच्या एका साधन-प्रणालीद्वारे ही ८ सेकंदांची मुदत वाढवता येत असे. आतापर्यंत किती फेऱ्या झाल्या, हे डिस्कच्या 'स्मार्ट' नोंदींतील १९३ व्या क्रमांकावर पाहता येते.

== बाह्य साठवणूक ==
बाह्य डिस्क बहुधा पंखा नसलेल्या बंद पेटीत असते. म्हणून कमी उष्णता तेथे विशेष उपयोगी ठरते. यूएसबी २.० जोडणीतून माहितीचे वहन डिस्कच्या क्षमतेपेक्षा मंद होत असल्याने, मोठ्या धारिकांच्या प्रती काढताना डिस्कच्या कमी वेगाची उणीव जाणवत नाही. यूएसबी २.० मधून जास्तीत जास्त २.५ वॅट शक्ती मिळते. ३.५ इंची डिस्कला ती पुरत नाही. शिवाय तिला १२ व्होल्टचा पुरवठाही लागतो. त्यामुळे अशा पेटीसोबत स्वतंत्र ॲडॉप्टर असतो. डिस्क कोणतीही असली, तरी महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक असते.

== विलीनीकरण ==
इ.स. २०१५ मध्ये ही श्रेणी कंपनीच्या 'ब्लू' श्रेणीत विलीन करण्यात आली. पुढे 'ग्रीन' हे नाव कंपनीने फिरते भाग नसलेल्या एसएसडीसाठी वापरले.