शिकलेल्यांना बाजार का खुपतो?

‘मुलगा कॉलेजात प्राध्यापक आहे’ हे सांगताना आईबापांचा जो सूर लागतो, तो ‘मुलाचे किराणा दुकान आहे’ हे सांगताना लागत नाही. दुकानाची कमाई पगाराच्या दुप्पट असली तरी नाही. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण पाठ केली आणि वागण्यात मात्र उलटी करून टाकली.

घरातला हा संकोच परिसंवादात आणि अग्रलेखात पोहोचला, की त्याचा सिद्धांत होतो. नफा म्हणजे लूट, व्यापारी म्हणजे दलाल आणि खुली बाजारपेठ म्हणजे बळी तो कान पिळी! लेखक, प्राध्यापक, पत्रकार यांच्यापैकी अनेकांना बाजाराचा एवढा राग का? तो राग खरा की नुसता पूर्वग्रह?

आवडीचा ठराव

हा राग देशाचे धोरण कसा बनला, हे पाहायचे तर आवडीची आठवण काढावी लागेल. नाव मराठी कानाला गोड वाटले, तरी हे चेन्नईजवळचे तमिळ गाव आहे. जानेवारी १९५५ मध्ये तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. उ. न. ढेबर अध्यक्ष होते, पण शब्द चालत होता तो पंडित नेहरूंचा. समाजवादी धर्तीची समाजरचना हे देशाचे ध्येय असावे आणि उत्पादनाची मुख्य साधने समाजाच्या मालकीची किंवा नियंत्रणाखाली असावीत, असा ठराव तेथे झाला.

मग पावले भराभर पडली. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. जानेवारी १९५६ मध्ये सरकारने आयुर्विम्याचा धंदा ताब्यात घेतला. एप्रिल १९५६ च्या औद्योगिक धोरणाने १७ उद्योगांची खास जबाबदारी सरकारकडे ठेवली.

विम्याचा निर्णय जाहीर करणारे अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. आयसीएस परीक्षेत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांना कोणी माथेफिरू क्रांतिकारक म्हणणार नाही. त्या काळचे बहुतेक उत्तम शिकलेले लोक याच वाटेवर होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा विचार करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळात ब. र. शेणॉय यांनी मात्र आपले वेगळे मत लिहून दिले. देशाची बचत तोकडी असताना एवढी मोठी योजना तुटीच्या पैशावर रेटली, तर महागाई वाढेल, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९५७ मध्ये परकीय चलनाची चणचण भासू लागली, तरी शेणॉय एकटेच राहिले.

जुनी जखम

या रागामागे खरे दुःख आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, ती हौस म्हणून नव्हे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली आणि साठेबाजांनी पैसा केला. कंपनी व्यापाराला आली आणि राज्य घेऊन बसली, हे तर आपण शाळेतच शिकलो. अशा देशातल्या विचारवंताने ‘बाजार आपोआप सगळ्यांचे भले करील’ यावर विश्वास कसा ठेवावा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याकडे असावी, असे मांडले. त्यांचा मुद्दा सरळ होता. सरकार बाजूला झाले, तर जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि मालकाला कामाचे तास वाढवण्याचे स्वातंत्र्य मिळते. उपाशी माणसाच्या वाट्याला त्यातले काय येते? या प्रश्नाला आजही हसण्यावारी नेता येत नाही.

पहिला नंबर आणि गल्ला

पण दुःख हे एकच कारण नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी त्याचे मूळ शाळेत शोधले. शाळेत शब्दांवर हुकूमत असलेल्या मुलाचा पहिला नंबर येतो, मास्तर पाठ थोपटतात. बाहेर पडल्यावर तो पाहतो, की मागच्या बाकावरचा सोबती मोटारीतून फिरतो आहे. बाजार गुणपत्रिका मागत नाही. गिऱ्हाइकाला काय हवे, एवढेच विचारतो. मग ‘ही व्यवस्थाच अन्यायी’ असे वाटू लागते.

शुंपीटर या अर्थशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये आणखी एक गंमत दाखवली. भांडवलशाहीच शिक्षण वाढवते, छापखाने चालवते आणि आपल्याच टीकाकारांना पोसते. शिवाय योजना आखायची म्हटली, की तज्ज्ञांची गरज लागते. बाजारात ज्याला कोणी विचारत नव्हते, त्याला तेथे मानाची खुर्ची मिळते. खुर्चीचा मोह काय फक्त पुढाऱ्यांनाच असतो?

दोन तराजू

विचारवंतांची गफलत झाली ती तराजूत. बाजाराला त्यांनी प्रत्यक्षात दिसला तसा तोलले आणि सरकारला पुस्तकात लिहिले तसे. परवाने आले, तेव्हा व्यापारी संपला नाही. परवाना मिळवणारा व्यापारी तेवढा टिकला. लोक स्कूटरसाठी आणि फोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसले, कारण दुसरा दुकानदारच नव्हता. त्यातच १९४४ च्या ‘बॉम्बे प्लॅन’मध्ये टाटा-बिर्लांसारख्या उद्योगपतींनीही सरकारी नियोजन मागितले होते. म्हणजे धनवान आणि खुला बाजार ही एकच गोष्ट नव्हे.

हे महाराष्ट्रात ठणकावून सांगितले शरद जोशींनी. शेतकऱ्याला भीक नको, घामाचे दाम द्या आणि माल विकण्याचे स्वातंत्र्य द्या, असे ते म्हणत. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. शहरातल्या स्वयंपाकघराला दिलासा मिळाला, पण नाशिकच्या शेतकऱ्याचा भाव पडला. त्याच्या खिशात हात घालणारा या वेळी सावकार नव्हता.

आणि बाजारही काही देवमाणूस नाही. १९८४ चे भोपाळ आपण विसरू शकत नाही. चेन्नईजवळ मोटारी बनवणाऱ्या फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा कामगारांच्या घरांत काय झाले असेल?

तेव्हा मुलांना ‘धंदेवाईक’ ही शिवी शिकवू नका, आणि ‘पैसा मिळवला तो शहाणा’ असेही शिकवू नका. कोणी सरकारची बाजू घेवो की बाजाराची, दोघांनाही तेच तीन प्रश्न विचारायला सांगा. किंमत कोण मोजतो? चुकले तर जबाबदार कोण? आणि गिऱ्हाइकाला, कामगाराला, शेतकऱ्याला दुसऱ्या दारी जाण्याची मोकळीक आहे का? एवढे विचारले, तरी आवडीत जे राहून गेले, ते आपल्या घरात राहणार नाही.