देवाचे भय (ख्रिस्ती धर्म)

देवाचे भय ही ज्यू व ख्रिस्ती परंपरेतील एक मूलभूत संकल्पना आहे. देवाच्या पावित्र्याची जाणीव झाल्यावर मनात उमटणारा आदर, विस्मय आणि नम्रता यांचा तीत समावेश होतो. मूळ हिब्रू शब्द 'यिर्आ' हा धास्ती व पूज्यभाव अशा दोन्ही अर्थांनी येत असल्याने केवळ 'भय' या भाषांतराने गैरसमज होण्याचा संभव असतो. मराठीतील 'देवभीरू' हा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो. 'भित्रा' हे दूषण आहे, 'देवभीरू' ही प्रशंसा.

बायबलमधील आधार

नीतिसूत्रे या ग्रंथात हे भय ज्ञानाचा आरंभ मानले आहे (१:७). त्याचे स्वरूप सर्वांत स्पष्ट होते ते निर्गम २०:२० मध्ये. सीनाय पर्वतावरील गर्जना व धूर पाहून इस्राएल लोक कापत दूर उभे राहतात. मोशे त्यांना भिऊ नका असे सांगतो आणि त्याच दमात, देवाचे भय तुमच्यापुढे राहावे म्हणजे तुम्ही पाप करणार नाही, असेही म्हणतो. विरोध वरवरचा आहे. एक भय माणसाला देवापासून पळवते. आदाम झाडांआड लपतो ते याच भयाने. दुसरे त्याला पापापासून आवरते.

दासभय आणि पुत्रभय

पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते, असे योहानाचे पहिले पत्र सांगते (४:१८). मग भय जोपासावे कशाला? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने शिक्षेला भिणारे दासभय आणि पित्यापासून दुरावण्याची धास्ती बाळगणारे पुत्रभय असा भेद केला. प्रीती वाढते तसे पहिले ओसरते, दुसरे वाढते. हा भेद केवळ शास्त्रीय नव्हे. तरुण मठवासी मार्टिन ल्यूथर देवाच्या न्यायाच्या धसक्याने पोळून निघाला होता. तरीही १५२९ च्या त्याच्या लघु प्रश्नोत्तरीत प्रत्येक आज्ञेचे स्पष्टीकरण देवाचे भय आणि प्रीती या जोडीनेच सुरू होते. नरकाच्या धाकावरच भर देणारी शिकवण ही जोडी तोडते आणि श्रद्धाळू मनाला कायमच्या अपराधभावात ढकलते.

जोपासना

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत नम्रतेच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली पायरी देवाचे भय सदैव डोळ्यांपुढे ठेवणे ही आहे. स्तोत्रपठण, मौन, आत्मपरीक्षण व गुडघे टेकणे ही त्याची रूढ साधने होत. प्रभूच्या प्रार्थनेतही देवाला पिता म्हटल्यावर पहिली विनंती त्याचे नाव पवित्र मानले जावे हीच आहे. भारतीय कॅथोलिक उपासनेत काही स्थानिक रूपे स्वीकारण्यास रोमने १९६९ मध्ये मान्यता दिली. पादत्राणे काढणे, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून लवून वंदन करणे आणि पंचांग प्रणाम ही त्यांपैकी होत. जळत्या झुडपापुढे मोशेलाही प्रथम पायांतील जोडेच काढण्यास सांगितले होते (निर्गम ३:५).